हॉलचे दोन भाग करून भाड्याने दिलेला फ्लॅट नियमात आणायचाय, खर्च किती येईल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, कुठेही जा, टू बीएचकेच्या हॉलमध्ये प्लाय ठोकून दोन खोल्या काढायच्या, बाल्कनी बंद करून तिसरी, आणि प्रत्येक खोली वेगळ्या माणसाला भाड्याने द्यायची हे सर्रास चालतं. मग एक दिवस सोसायटीचं पत्र येतं, नाहीतर महापालिकेची नोटीस, नाहीतर खालच्यांच्या छतातून पाणी गळायला लागतं आणि मालक विचारतो की हे सरळ करायला किती पैसे लागतील. खाली त्याचाच हिशोब आहे. रकमा उदाहरणासाठी घेतल्यात, तुमच्या एरियात रेट वेगळा असणार, पण कुठली रक्कम कुठे धरायची ते यावरून नीट कळेल.

प्रश्न: नियमात बसणं म्हणजे नक्की काय? कुठला नियम?

मुंबईत डीसीपीआर २०३४, म्हणजे शहराची विकास नियंत्रण नियमावली, आणि राज्यात बाकी बहुतेक ठिकाणी २०२० साली आलेला यूडीसीपीआर, म्हणजे तशीच राज्याची एकत्रित नियमावली. राष्ट्रीय बिल्डिंग कोड २०१६ मधले आकडे लक्षात ठेवले तरी अंदाज येतो. राहायची खोली किमान ९.५ चौरस मीटर म्हणजे साधारण १०२ चौरस फूट आणि रुंदी २.४ मीटर. घरात दोन खोल्या असतील तर दुसरी ७.५ चौरस मीटर म्हणजे ८१ चौरस फुटांपर्यंत चालते, तिची रुंदी २.१ मीटर. उंची २.७५ मीटर म्हणजे ९ फूट. किचन ५ चौरस मीटर, बाथरूम १.८, नुसता संडास १.१, दोन्ही एकत्र असेल तर २.८ चौरस मीटर. आणि सगळ्यात जास्त लोक ज्यात अडकतात ते म्हणजे खिडकी. आपल्या कोकणपट्टीसारख्या दमट हवेत खिडकीची उघडी जागा खोलीच्या क्षेत्रफळाच्या सहाव्या भागाइतकी हवी, आणि ती बाहेरच्या हवेत उघडायला हवी. १०० फुटांच्या खोलीला म्हणजे जवळपास १७ चौरस फूट. पॅसेजमध्ये किंवा दुसऱ्या खोलीत उघडणारी खिडकी यात धरत नाहीत.

तुमच्या महापालिकेच्या नियमात फ्लॅटच्या प्रकाराप्रमाणे आकडे थोडे इकडे-तिकडे असतात, ते आर्किटेक्ट मंजूर प्लॅन बघून सांगतो.

प्रश्न: सुरुवात कुठून करू? काँट्रॅक्टरला बोलावून कोटेशन घेऊ का?

नको, आत्ता नको. काँट्रॅक्टर आला की तो टाइल्स, फॉल्स सीलिंग आणि रंगापासून सुरू करणार आणि तुमचं बजेट तिथेच संपणार. आधी मेजरिंग टेप घ्या, सोसायटीकडून नाहीतर महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागातून फ्लॅटचा मंजूर प्लॅन काढा आणि एक-एक खोली मोजा. प्रत्येक खोलीला तीन प्रश्न विचारा, आकार पुरतो का, बाहेर उघडणारी खिडकी आहे का, आणि दार उघडून दुसऱ्याच्या खोलीतून न जाता बाहेर पडता येतं का. एकाचंही उत्तर नाही आलं तर ती झोपायची खोली म्हणून टिकणार नाही.

हे खरं बजेट आहे. तुमच्या खोल्यांपैकी किती टिकणार हे कळल्याशिवाय बाकीचे आकडे म्हणजे नुसती हवेतली बेरीज, कारण त्यावर तुमचं पुढचं भाडं ठरतं आणि भाड्यावर ठरतं की तुम्ही किती खर्च करू शकता. मी बघितलेले बहुतेक मालक हे उलटं करतात, आधी खर्च करतात आणि मग कळतं की ज्या खोलीत नवीन वॉर्डरोब बसवला तीच खोली तोडायची आहे.

प्रश्न: पण आतल्या पार्टिशनला परवानगी लागत नाही असं ऐकलंय.

अर्धं खरं आहे. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ च्या कलम ४३ मध्ये सवलत आहे, काम फक्त इमारतीच्या आतल्या भागापुरतं असेल किंवा बाहेरच्या रूपात मोठा बदल होत नसेल तर त्याला विकास परवानगी लागत नाही. रंग, प्लास्टर, टाइल्स बदलणं हे तर साधं रिपेअर काम झालं. पण याचा अर्थ असा नाही की आत कितीही छोटी, बिनखिडकीची खोली करून त्यात माणूस ठेवा. खोलीचा आकार, उजेड, वारा याचे नियम तसेच राहतात. आणि पिलर-बीमला हात लावणं, संडास-बाथरूमची जागा हलवणं, बाल्कनी किंवा डक्ट आत घेणं हे सवलतीत बसत नाही. तिथे कलम ५३ ची नोटीस येऊ शकते आणि कलम ५२ मध्ये तर शिक्षेचीही तरतूद आहे.

प्रश्न: बरं, एकूण किती? एखादं उदाहरण द्या ना.

घ्या. टू बीएचके, ६५० फूट कार्पेट. हॉल १० बाय १६, मध्ये प्लाय टाकून ८० फुटांचे दोन भाग, त्यातला आतला बिनखिडकीचा. ड्राय बाल्कनीत एक जास्तीचा संडास काढलेला. चार खोल्या, भाडं १४,०००, १२,०००, ९,००० आणि ७,०००, म्हणजे महिन्याला ४२,०००.

कामं अशी. पार्टिशन, माळा, जास्तीचा संडास तोडणं आणि डेब्रिज उचलणं ३५,०००. पूर्ण वायरिंग आणि नवीन डीबी (घरातला विजेचा मुख्य बोर्ड) १,१०,०००. प्लंबिंग आणि एका बाथरूमचं वॉटरप्रूफिंग मुळापासून १,४०,०००. खिडक्या मोकळ्या करणं, एक्झॉस्ट ४०,०००. दारं आणि थोडं जिप्समचं काम ४५,०००. प्लास्टर, पुट्टी, रंग ९०,०००. आगीसाठी एक्स्टिंग्विशर आणि अलार्म १०,०००. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनीअर, कागदपत्रं ५०,०००. बेरीज ५,२०,०००.

इथे बहुतेक लोक थांबतात आणि पुढे फसतात. आगीचं सामान आणि आर्किटेक्ट-इंजिनीअरची ओळ सोडून काँट्रॅक्टरच्या ४,६०,००० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ८२,८००, कोटेशनमध्ये तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की टॅक्स वेगळा. अचानक निघणाऱ्या कामांसाठी १५ टक्के, ७८,०००, आणि जुन्या बिल्डिंगमध्ये हे खर्च होतातच, टाइल्स उखडल्या की खाली सडलेला पाइप निघणारच असं धरून चला. दोन महिने फ्लॅट रिकामा, म्हणजे ८४,००० भाडं बुडालं. झाले ७,६४,८००.

अजून संपलं नाही. भाडेकरूंचं डिपॉझिट परत द्यायचंय, दोन-दोन महिन्यांचं घेतलं असेल तर ८४,०००, आणि ते पैसे मालकाने कधीच खर्च करून टाकलेले असतात. सोसायटी रिनोव्हेशन डिपॉझिट मागते, समजा २५,०००, ते परत मिळतं पण आत्ता द्यावं लागतं. म्हणजे कोटेशन सव्वापाच लाखांचं आणि हातात रोख हवी ८,७३,८००. हा फरक आधी माहीत असेल तर काम अर्ध्यावर अडकत नाही.

प्रश्न: आणि खोल्या कमी झाल्यावर भाडं कमी येणार, मग हे परवडतं कसं?

वरच्याच फ्लॅटचं बघू. चार खोल्या, वर्षाला कागदावर ५,०४,०००. पण खोली-खोली भाड्याने दिली की माणसं बदलत राहतात, प्रत्येक खोली वर्षात एक महिना जरी रिकामी गेली तरी ४२,००० गेले, राहिले ४,६२,०००. शिवाय दर वेळी ब्रोकरेज, रंगाचा हात, तुटलेलं कुलूप आणि विजेच्या बिलावरून भांडणं. तोच फ्लॅट सरळ टू बीएचके करून एका कुटुंबाला किंवा तीन नोकरदार मुलींना मिळून ३८,००० ला दिला तर वर्षाचे ४,५६,०००. फरक ६,००० चा. असे भाडेकरू दोन-तीन वर्षं टिकतात.

प्रत्येक ठिकाणी गणित इतकं जुळेल असं नाही, आयटी पार्कच्या शेजारी खोली-खोलीचं भाडं खूप जास्त मिळतं. पण तुमचा हिशोब करताना भरलेल्या चार खोल्यांचं भाडं धरू नका, मागच्या वर्षी बँकेत खरंच किती जमा झालं ते काढून त्याच्याशी तुलना करा.

प्रश्न: नियमात बसणारी खोली वेगळी करायची असेल तर पार्टिशन कशाचं करू?

प्लायचं नको. प्लाय आणि लॅमिनेट भराभर पेट घेतं आणि धूर इतका होतो की माणसाला दार सापडत नाही. विटांची भिंत लोकांना मजबूत वाटते पण ती स्लॅबवर कुठे बसतेय ते बघायला लागतं. चार इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंनी प्लास्टर केली की एका चौरस मीटरला जवळपास २५० किलो भरते, म्हणजे ३ मीटर लांब आणि ३ मीटर उंच भिंत सव्वादोन टन. स्लॅबच्या मधोमध, खाली बीम नसताना एवढं ओझं टाकायचं नाही. एएसी ब्लॉक (सिमेंटचे सच्छिद्र ब्लॉक) बरेच हलके, आणि लोखंडी फ्रेमवरचं जिप्सम बोर्ड तर एका चौरस मीटरला साधारण २५ किलोच. जिप्समच आगीलाही बरं, आत रॉकवूल भरलं की आवाजही कमी होतो. बाथरूमच्या बाजूला मात्र पाण्यात टिकणारा बोर्ड लावा, साधा बोर्ड दोन पावसाळ्यात फुगतो.

प्रश्न: एक छोटा पिलर मध्ये येतो, काँट्रॅक्टर म्हणतो काढला तरी चालेल.

त्या काँट्रॅक्टरला त्याच दिवशी काम थांबवायला सांगा. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई ही इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात पिलरना धक्का लावल्याचा आरोप झाला. स्ट्रक्चरल इंजिनीअरची एक भेट आणि लेखी रिपोर्ट याची फी वाचवायच्या नादात लागू नका. बिल्डिंग ३० वर्षांच्या वर असेल तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट असायलाच हवं, तो रिपोर्ट आधी मागून वाचा, त्यात तुमच्या मजल्याबद्दल काय लिहिलंय ते बघा, आणि मगच पार्टिशनचा विचार करा.

प्रश्न: जास्तीचा काढलेला संडास ठेवता येईल का?

खाली काय आहे त्यावर अवलंबून आहे. खाली दुसऱ्याचं बाथरूम किंवा संडास असेल तर गोष्ट वेगळी, पण खाली कुणाची बेडरूम किंवा किचन असेल तर नियम स्पष्ट आहे की पाणी अजिबात न झिरपणारी जमीन हवी, आणि ड्राय बाल्कनीत किंवा बेडरूमच्या कोपऱ्यात काढलेल्या संडासाला खाली सहसा सन्क स्लॅब, म्हणजे पाइपसाठी मुद्दाम खोल घेतलेला स्लॅब, नसतोच. मग लोक फ्लोअर सहा-आठ इंच उचलतात, त्यावर कोबा, टाइल्स, म्हणजे पुन्हा ओझं. त्यात ड्रेनेजचा पाइप लांबून फिरवून मुख्य लाइनला जोडलेला, उतार पुरत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी तुंबतो. असा संडास काढून टाकणं हे ठेवण्यापेक्षा स्वस्त पडतं, माझं मत ठाम आहे यावर. परवानगी मागायला गेलात तरी मंजूर होईल याचा भरवसा नाही.

जो मूळचा संडास-बाथरूम आहे त्यावर पैसे घाला. वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स लावायच्या आधी नहाणी ट्रॅप बंद करून पाणी भरून ४८ तास ठेवा आणि खालच्या घरात जाऊन स्वतः छत बघा. वॉटरप्रूफिंगवाल्याचं शेवटचं पेमेंट या टेस्टनंतरच.

प्रश्न: वायरिंग चांगलं चालू आहे, फक्त पॉइंट वाढवले तर?

चार खोल्यांत चार एसी, दीड टनाचा एक एसी म्हणजे साधारण दीड किलोवॅट, झाले ६. दोन गीझर दोन-दोन किलोवॅटचे, ४. वर कुणाचा इंडक्शन, वॉशिंग मशीन, फ्रीज. बारा किलोवॅटच्या वर गेलात. आता विजेच्या बिलावर मंजूर लोड लिहिलेला असतो तो वाचा. एका कुटुंबासाठी टाकलेली वायर एवढं ओढत असेल तर ती भिंतीच्या आत तापत असते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणून वायरिंग पूर्ण बदला. गीझर आणि एसीला ४ स्क्वेअर एमएमची वायर, प्रत्येकाला वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच), आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). अर्थिंग खरंच आहे की नुसती तिसरी पिन लोंबकळतेय हे मीटरने तपासून घ्या, जुन्या बिल्डिंगमध्ये बऱ्याचदा नसतं. लोड वाढवायचा अर्ज महावितरण, बेस्ट, अदानी, टाटा जी कंपनी असेल तिथे लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करायचा, त्याचे पैसे आणि लागणारा वेळ दोन्ही धरा. गॅसची पाइपलाइन असेल तर ती कंपनीच्या माणसाशिवाय कुणीही हलवायची नाही आणि कपाटात बंदही करायची नाही.

प्रश्न: आगीसाठी अजून काय? फ्लॅटला एवढं लागतं का?

दहा हजारांत होतं आणि लोक तेच टाळतात. किचनजवळ एक एबीसी पावडरचा एक्स्टिंग्विशर, प्रत्येक झोपायच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये बॅटरीवरचा स्मोक अलार्म. खिडकीच्या ग्रिलमध्ये आतून उघडणारी झडप, आणि तिची चावी तिथेच खिळ्याला. खोलीच्या दाराला बाहेरून कडी असेल तर काढून टाका. मुख्य दारापर्यंत जायच्या रस्त्यात शू रॅक, सायकल, वॉशिंग मशीन काहीही नको. तुमच्या घरात झोपणारी मुलं लातूरहून, नांदेडहून, चंद्रपूरहून शिकायला नाहीतर नोकरीला आलेली असतात, त्यांच्या आई-बापांनी तुमच्या भरवशावर पाठवलेलं असतं, बजेट कितीही टाइट असलं तरी ही ओळ खोडायची नाही.

प्रश्न: भाडेकरू राहत असताना काम करता येईल का?

रंगकाम करता येईल. तोडफोड, वायरिंग, बाथरूम नाही. लिव्ह अँड लायसन्सची मुदत बघा आणि काम त्या संपायच्या तारखेला लावा, चारही अॅग्रीमेंटच्या तारखा वेगवेगळ्या असतील तर शेवटचीपर्यंत थांबा किंवा लवकर जाणाऱ्याला डिपॉझिट लगेच आणि शिफ्टिंगचा खर्च द्या, हा खर्चही बजेटमध्ये धरा. माणूस निघावा म्हणून पाणी किंवा वीज तोडायची नाही, भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ मध्ये भाडेकरूच्या आवश्यक सेवा तोडायला मनाई आहे, आणि कायदा नसता तरी हे करायची गोष्ट नाही.

अॅग्रीमेंट रजिस्टर केलेलंच नसेल तर नवीन भाडेकरूच्या वेळी ती चूक राहू देऊ नका. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, नाही केलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड. खर्च फार नाही, एकूण भाड्यावर ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी, डिपॉझिटचा थोडा भाग त्या भाड्यात धरला जातो, आणि शहरात १,००० रुपये रजिस्ट्रेशन फी.

प्रश्न: सोसायटी जास्त पैसे मागते, चार खोल्या आहेत म्हणून चारपट नॉन-ऑक्युपन्सी (स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दलचे पैसे).

असं मागता येत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशापासून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. पण कामाची लेखी परवानगी, कामाची वेळ, डेब्रिज, लिफ्ट याबाबत सोसायटीचं ऐका. कमिटीला आधी प्लॅन दाखवला की तुम्ही खोल्या कमी करताय, वाढवत नाही, तर सहसा सहकार्यच मिळतं.

प्रश्न: टॅक्समध्ये काही परत मिळतं का?

घरभाड्याच्या उत्पन्नातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तुम्ही एक रुपया खर्च करा की आठ लाख. रिपेअरचा खर्च वेगळा दाखवता येत नाही. दुरुस्तीसाठी कर्ज घेतलं तर भाड्याने दिलेल्या घराचं व्याज मात्र वजा होतं, म्हणून पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्डपेक्षा होम इम्प्रूव्हमेंट लोन घ्या, पैसे कुठे गेले ते सिद्ध करणं सोपं जातं. कायमच्या सुधारणांची बिलं जपून ठेवा, फ्लॅट विकताना कॅपिटल गेनमध्ये धरता येतात. कच्च्या चिठ्ठीवर रोख देऊन जीएसटी वाचवलात तर हे सगळं हातचं जातं.

पीजीसारखं चालवणार असाल तर एक लक्षात ठेवा, १५ जुलै २०२४ पासून माणशी महिना २०,००० पर्यंत आणि सलग किमान ९० दिवस राहणाऱ्यांसाठी जीएसटी माफ आहे. अशा उत्पन्नाचं रिटर्नमध्ये काय दाखवायचं ते सीएला विचारा.

प्रश्न: सगळे पैसे एकदम नाहीत. काय आधी करू?

बिनखिडकीच्या खोलीतून माणूस बाहेर काढा, पार्टिशन तोडा. हे जवळपास फुकटात होतं आणि आजच होतं. मग वायरिंग आणि अलार्म. मग गळती. मग जास्तीचा संडास. रंग, टाइल्स, मॉड्युलर किचन सगळ्यात शेवटी, नाही झालं तरी चालेल. आधी रंग आणि मग वायरिंग असं करू नका, भिंती दोनदा फुटतात आणि दोनदा पैसे जातात.

प्रश्न: काँट्रॅक्टरला पैसे कसे द्यायचे?

टप्प्याटप्प्याने, आणि टप्पा कामाचा, तारखेचा नाही. अॅडव्हान्स १०-१५ टक्के, तोडकाम आणि डेब्रिज झाल्यावर पुढचा हप्ता, वायरिंग भिंत बुजवायच्या आधी फोटो काढून तपासल्यावर त्यापुढचा, पाण्याची टेस्ट पास झाल्यावर एक, आणि १० टक्के शेवटी महिनाभर वापरून झाल्यावर. कोटेशनमध्ये वायर, पाइप, एमसीबी कुठल्या कंपनीचे ते लिहून घ्या, नुसतं 'स्टँडर्ड कंपनी' लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

प्रश्न: नोटीस आधीच आलीय, आता?

नोटिशीत दिलेली मुदत सगळ्यात आधी वाचा. एमआरटीपीच्या कलम ५३ ची असेल तर त्या मुदतीत, जे नियमात बसू शकतं त्यासाठी कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करता येतो. जे बसूच शकत नाही ते स्वतः तोडा, आधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसह ठेवा आणि लेखी कळवा, पोच घ्या. महापालिकेने तोडलं तर त्याचा खर्च तुमच्याकडूनच वसूल होतो.

प्रश्न: आमची पागडीची जुनी चाळ आहे, सेस भरतो. तिथे हेच लागू?

आकार, उजेड, आग हे सगळं तसंच. पण उपकरप्राप्त, म्हणजे सेस भरणाऱ्या, इमारतीत स्ट्रक्चरचं काम म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या अखत्यारीत येतं, त्यामुळे भिंत किंवा लाकडी तुळई हलवायच्या आधी तिकडे जा. आणि तुम्ही पागडीचे भाडेकरू असाल तर त्यातली खोली पुढे दुसऱ्याला भाड्याने द्यायला मूळ मालकाची लेखी संमती आहे का ते बघा, ती नसेल तर दुरुस्तीवर एक पैसाही घालायच्या आधी वकिलाला भेटा.